तळ गाठल्याशिवाय दारू सुटत नाही, हे आलं कुठून?

पंधरा-वीस वर्षं पिणारा किंवा गर्द ओढणारा माणूस एक दिवस सोडायचं का ठरवतो, यावर आपल्याकडे उत्तर तयार असतं. ठेच लागल्याशिवाय अक्कल येत नाही, नोकरी जाऊ दे, बायको माहेरी जाऊ दे, असा तळ गाठला की मग बघा कसा सरळ होतो. थकलेले घरचे असं बोलतात ते समजण्यासारखं आहे, पण ही फक्त घरगुती समजूत नाही, उपचारवाल्यांनीही ती कितीतरी वर्षं मनापासून मानली.

सुरुवात अमेरिकेत झाली. १९३५ मध्ये ओहायोतल्या अॅक्रन गावात बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन एकमेकांना भेटले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस म्हणजे एए ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारी संघटना उभी राहिली. डॉ. बॉबनी शेवटची दारू घेतली तो १० जून हा एएचा स्थापना दिवस मानतात, आणि ती शेवटची म्हणजे ऑपरेशनला जाताना हात थरथरू नयेत म्हणून घेतलेली बियर होती असं सांगतात. आपल्याकडे ज्याला उतारा म्हणतात तोच प्रकार! सुरुवातीचे मेंबर बहुतेक सगळं घालवून बसलेले, त्यामुळे प्रत्येकाच्या गोष्टीत तळ हा यायचाच.

मग एल्विन जेलिनेक या संशोधकाने १९४६ मध्ये या गोष्टींना शास्त्राचं रूप दिलं. एएच्या मासिकातून प्रश्नावली पाठवली होती, भरून आल्या १५८ आणि त्याने वापरल्या ९८, बायकांची उत्तरं तर बाजूलाच ठेवली. म्हणजे सोडलेल्या, तेही एएमध्ये टिकलेल्या शंभरेक पुरुषांना मागे वळून विचारलं की कसं झालं, आणि त्यावरून व्यसनाचा जिना ठरला. पुढे १९५८ मध्ये इंग्लंडमधल्या मॅक्स ग्लॅटने त्यात वर चढायची बाजू जोडली आणि इंग्रजी यू अक्षरासारखा तक्ता तयार झाला, डावीकडून घसरण, तळ, उजवीकडून सुधारणा. गंमत म्हणजे १९५३ मध्येच एएच्या स्वतःच्या लिखाणात आलं होतं की आता घरदार, नोकरी शाबूत आणि गॅरेजमध्ये दोन गाड्या असलेले लोकही येतायत. पण तक्ता डोळ्यात भरतो, तो राहिला.

या चित्राला मोठा धक्का दिला तो व्हिएतनाम युद्धाने. १९७१ मध्ये अमेरिकेत घबराट उडाली की व्हिएतनाममधले आपले सैनिक हेरॉइनमध्ये बुडालेत, त्यामुळे लघवीची तपासणी पास झाल्याशिवाय विमानात चढायचं नाही असा नियम आला. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परतलेल्यांचा पाठपुरावा केला. तिकडे जवळपास २० टक्के सैनिक स्वतःला व्यसनी म्हणत होते, पण त्यांच्यापैकी घरी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले फक्त ५ टक्के. तळ वगैरे काही नाही, जागा बदलली, सोबत बदलली, माल हाताशी राहिला नाही, नोकरी-संसार समोर आला. हा आकडा घेऊन कुणी ‘इच्छाशक्ती असली की झालं’ म्हणायला लागलं तर मात्र जरा थांबवावं, कारण ही तरुण पोरं होती आणि वर्षभराचं व्यसन होतं, गल्लीतला वीस वर्षांचा बेवडा आणि तो सैनिक यांचा हिशोब एक नाही.

१९८३ मध्ये विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने नॉर्वेतल्या एका क्लिनिकमधल्या चर्चांवरून लिहिलं की पेशंटला जितकं अंगावर घ्याल तितका तो दारूची बाजू घेतो. सोडायचं आणि नाही सोडायचं, दोन्ही त्याच्या पोटात आधीपासून असतं, तुम्ही एक बाजू पकडली की तो दुसरी पकडतो. त्याच वर्षी प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या मानसशास्त्रज्ञांनी ८७२ सिगारेटवाल्यांच्या अभ्यासातून टप्पे मांडले, विचारही नाही, विचार चालू, कृती, टिकवणं, आणि स्लिप झाली, म्हणजे पुन्हा ओढली, की परत मागे. म्हणजे निर्णय एका रात्रीत होत नाही, तो अनेकदा होतो आणि मोडतो.

आपल्याकडे हे सगळं पुस्तकातून नाही, गर्दमधून आलं. ऐंशीच्या दशकात गर्द म्हणजे ब्राउन शुगर मुंबई-पुण्यात पसरली, १९८५ मध्ये एनडीपीएस हा अमली पदार्थांविरुद्धचा कायदा झाला, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पुलंच्या मदतीने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसनमुक्ती केंद्रात येणारे खूपसे पेशंट ठरवून येत नाहीत, कुणीतरी आणून सोडलेले असतात, पहिले दिवस तर टर्की, म्हणजे नशा बंद झाल्यावर होणारा त्रास, काढण्यातच जातात, आणि तरी त्यातले काही सुटतात. स्वतःहून आला नाही म्हणून फुकट गेला असं होत नाही, हे बाहेरच्या अभ्यासांतही दिसलंय. नंतर मीटिंगमध्ये कारण विचारलं की उत्तरं अगदी बारकी येतात. पोराने मित्रांसमोर ओळख दाखवली नाही, उतारा घेतल्याशिवाय दाढी करता येईना, बरोबर बसणारा एक जण गेला. असलं काहीतरी आधीही दहादा घडलेलं असतं, या वेळी फक्त बाजूला धरायला कोणीतरी होतं.

मग घरच्यांनी तो तळ गाठायची वाट बघत बसावं का, याचं उत्तर १९९९ च्या एका अमेरिकन तुलनेत मिळतं. सगळ्यांनी मिळून घेरून सुनावायची पद्धत शिकवलेल्या घरांपैकी ३० टक्के घरांतला पिणारा उपचाराला गेला, आणि रॉबर्ट मायर्स यांची क्राफ्ट पद्धत शिकलेल्या घरांत ६४ टक्के. तिच्यात नाटकी काही नाही. तो शुद्धीत असेल तेव्हा सोबत जेवायचं, गप्पा मारायच्या, पिऊन आला की वाद न घालता बाजूला व्हायचं, ऑफिसात फोन करून ‘ताप आलाय’ असं खोटं सांगायचं नाही. उपचाराचा विषय काढायचा तो त्याचा मूड ठीक बघून, आणि केंद्राची अपॉइंटमेंट आधीच बोलून ठेवायची, कारण आज हो म्हणालेला माणूस परवा म्हणेलच असं नाही.