20 पडले म्हणजे राजा मुकुट काढून देतो?

कोल्हापुरात डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे पात्रं रंगवून फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ, खेळणाऱ्यांमध्ये एक समज जुना आहे: कुणाचं मन वळवताना वीस बाजूंच्या फाशावर 20 पडले, की समोरचा काहीही ऐकतो.

पाचव्या आवृत्तीच्या 2014च्या नियमांत तसं नाही. 20 पडल्यावर आपोआप यश हल्ल्याच्या फेकीला मिळतं, म्हणूनच गल्लत होते. मन वळवणं ही गुणचाचणी, म्हणजे पात्राच्या एखाद्या गुणाची परीक्षा. तिथे फासा आणि पात्राचे अधिक गुण यांची बेरीजच मोजायची; ती ठरलेल्या लक्ष्याइतकी किंवा जास्त झाली तरच यश.

पहिल्या पातळीवरचा ठग (रोग हा पात्रप्रकार) घ्या. करिश्मा (छाप पाडण्याचा गुण) 16 म्हणजे +3, प्रावीण्य (शिकलेल्या कौशल्याचे जादा गुण) +2, एक्स्पर्टीज या ठगाच्या खास क्षमतेने ते प्रावीण्य दुप्पट. एकूण +7. लक्ष्य 20 असेल तर फाशावर 13 किंवा जास्त हवेत: शक्यता 40 टक्के. सोबत्याच्या मदतीने अ‍ॅडव्हान्टेज मिळालं, म्हणजे दोन फाशांतला मोठा घेतला, तर 64. लक्ष्य 30 असेल तर 20 पडूनही बेरीज 27च! त्यामुळे नशिबापेक्षा एक्स्पर्टीज आणि मदत करणारा सोबती जास्त कामाचे.

पडताळायला नियमपुस्तकातला हल्ल्याचा आणि गुणचाचणीचा भाग शेजारी शेजारी वाचा.