गल्ल्याची चावी कुणाच्या हातात द्यायची?

दादर स्टेशनच्या पुलावर एखादं चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं मोबाईल उचलताना सापडलं की पुढे काय होतं ते मुंबईकराला सांगायला नको. ज्याचा मोबाईल गेला तो राहतो बाजूला आणि ज्यांचं काहीच गेलेलं नाही असे चार जण हात साफ करून घेतात, मग कुणी म्हणतं पोलिसात द्या, कुणी म्हणतं देऊन काय उपयोग, उद्या परत इथेच दिसेल. आणि एखादी काकू हळूच म्हणते, जाऊ द्या हो, पोर आहे. या काकूचं नेहमी हसं होतं. पण गेल्या काही दशकांतलं संशोधन बघितलं तर काकू बरीचशी बरोबर निघते, फक्त तिचं म्हणणं अर्धंच आहे. सोडून देणं म्हणजे काही विश्वास टाकणं नव्हे, आणि पोरं सुधारतात ती विश्वास टाकण्याने.

आधी वय बघा. अडॉल्फ केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने १८३१ मध्येच गुन्ह्यांचे आकडे वयाप्रमाणे लावून दाखवले होते. तरुणपणी आलेख झपकन वर चढतो आणि मग उतरत जातो, आणि पुढे देश बदलले, शतक बदललं तरी साधारण हाच आकार परत परत दिसत आलाय. १९९३ मध्ये टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी याची फोड केली, की जन्मभर गुन्हे करत राहणारे मोजकेच असतात, बाकी मोठा घोळका फक्त त्या वयापुरता वाकड्या वाटेला लागलेला असतो आणि नोकरी, संसार, जबाबदारी आली की आपोआप बाहेर पडतो. म्हणजे 'एकदा चोर तो कायमचा चोर' हे आपलं लाडकं मत आकड्यांत बसत नाही.

या वयात मेंदूचंही एक त्रांगडं असतं. मजा, थ्रिल, बक्षीस यांना दाद देणारा भाग वयात येताना एकदम जोरात असतो आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, म्हणजे 'थांब बाबा, पुढे काय होईल' असं म्हणणारा भाग, पार पंचविशीपर्यंत तयार होत असतो. त्यात मित्र बघत असले की संपलंच. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी एक साधा व्हिडिओ गेम खेळायला दिला, गाडी चालवायची आणि सिग्नल लाल व्हायच्या आत किती पुढे न्यायची ते ठरवायचं. एकटी असताना पोरं मोठ्यांइतपतच जपून होती, पण शेजारी दोस्त बसवले तर जोखीम घेणं जवळजवळ दुप्पट झालं, आणि मोठ्या माणसांवर दोस्त असण्या-नसण्याचा फारसा फरकच पडला नाही. आता विचार करा, अशा पोराला पकडून आपण टाकतो कुठे, तर त्याच्यासारख्याच पन्नास पोरांच्यात.

मग घाबरवून बघू, असंही जगात करून झालंय. अमेरिकेत १९७०च्या दशकात न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात वाया चाललेल्या पोरांना नेऊन जन्मठेपेचे कैदी त्यांच्या तोंडासमोर येऊन ओरडायचे, बघ इथे आल्यावर काय होतं ते. टीव्हीवर प्रचंड गाजलं. पण अशा प्रयोगांची नीट तपासणी झाली, म्हणजे चिठ्ठ्या टाकून अर्धी पोरं पाठवली आणि अर्धी नाही, तेव्हा पाठवलेल्या पोरांनीच पुढे जास्त गुन्हे केलेले निघाले. अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी असे नऊ प्रयोग एकत्र तपासून सरळ लिहिलं की यापेक्षा काहीच केलं नसतं तरी बरं झालं असतं. आपल्याकडचं 'दोन कानाखाली ठेवून द्या, आयुष्यभर लक्षात राहील' हे याच जातीचं आहे. लक्षात राहतं हो, पण काय लक्षात राहतं ते कोण विचारतो.

आता विश्वास. हा मोजायची एक छान पद्धत आहे, १९९५ मध्ये बर्ग, डिकहॉट आणि मॅकेब या तिघांनी काढलेली. एका खोलीतल्या माणसाला दहा डॉलर देतात, त्यातले हवे तेवढे त्याने दुसऱ्या खोलीतल्या अनोळखी माणसाला पाठवायचे, वाटेत त्याचे तिप्पट होतात, आणि दुसऱ्याने वाटलं तर परत द्यायचे नाहीतर खिशात घालायचे, कुणी विचारणार नाही. व्यवहारी हिशोबाने कुणीच काही पाठवायला नको. पण ३२ पैकी ३० जणांनी काहीतरी पाठवलं, सरासरी निम्म्याच्या आसपास. परत देणाऱ्यांत मात्र सगळे नमुने होते, काहींनी आलेल्यापेक्षा भरपूर जास्त दिलं आणि काहींनी सरळ गिळलं. सरासरी परतावा पाठवलेल्या पैशांपेक्षा किंचित कमीच भरला. म्हणजे विश्वासावर गॅरंटी नाही, हे पहिल्या प्रयोगातच लिहून ठेवलंय.

याला जोडून २००६ मधला फाल्क आणि कॉसफेल्ड यांचा प्रयोग बघण्यासारखा आहे. त्यात मालकाला सोय होती की समोरच्याने निदान अमुक इतकं तरी दिलंच पाहिजे अशी अट घालायची किंवा त्याच्यावरच सोडून द्यायचं. अट घातली की बहुतेक लोकांनी हात आखडता घेतला, जिथे मोकळं सोडलं तिथे जास्त दिलं. अट घालणं म्हणजे 'तू चोर आहेस हे मला माहितीये' असं तोंडावर सांगणंच झालं ना.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते ब्रूक्स किंग-कॅसस आणि मंडळींचं २००५चं काम. त्यांनी तो तिप्पट होणाऱ्या पैशांचा खेळ दोघांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून दहा फेऱ्या खेळायला लावला. मेंदूच्या आतल्या कॉडेट नावाच्या भागात 'याच्यावर आता विश्वास टाकतो' असा सिग्नल दिसतो, आणि ओळख वाढत गेली तसा तो अलीकडे सरकत गेला, म्हणजे सुरुवातीला समोरच्याची चाल बघितल्यावर उमटायचा तो शेवटी शेवटी चाल बघायच्या आधीच उमटायला लागला. आणि विश्वास वाढवायला सगळ्यात जास्त कामाला आलेली चाल कुठली, तर समोरच्याने गेल्या फेरीत कंजूषपणा केला असतानाही त्याच्याशी उदारपणे वागणं. २००८ मध्ये त्यांनीच दाखवलं की खेळ बिनसायला लागला की बरीच माणसं मुद्दाम थोडं जास्त देऊन समोरच्याला चुचकारतात आणि गाडी रुळावर येते. ज्यांना हे जमत नाही त्यांचा खेळ बिनसलेलाच राहतो. (जाता जाता, ऑक्सिटोसिनचा स्प्रे नाकात मारला की विश्वास वाढतो अशी पोस्ट तुम्हाला कधीतरी आली असेल. २००५चा तो निष्कर्ष नंतर मोठ्या प्रमाणावर परत करून बघितल्यावर टिकला नाही. स्प्रेने होणारं हे काम नाही.)

ही चुचकारण्याची चाल मी परळला आमच्या गल्लीत बघितलीये. एक मावशी पोळीभाजी केंद्र चालवतात, त्यांच्याकडे मदतीला असलेल्या पोराने गल्ल्यातून दोनशे उचलले आणि सापडला. सगळ्यांनी सांगितलं काढून टाका. मावशींनी त्याला काढलं नाही आणि लेक्चरही दिलं नाही, उलट दुसऱ्या दिवशी पाचशेची नोट हातात देऊन भाजी आणायला पाठवलं. परत आला तर हिशोबात वीस कमी.

"वीस कमी आहेत रे."

"पडले असतील मावशी."

"बरं. वहीत लिही, वीस येणे. आणि उद्या मिरच्या लवकर आण, परवा संपल्या होत्या."

बस्स एवढंच. वही खिळ्याला टांगलेली असायची, आम्ही डबा घ्यायला गेलो की समोरच दिसायची, त्यात त्याच्याच गिचमिड अक्षरात 'वीस येणे'. काही दिवसांनी त्या ओळीवर काट मारलेली दिसली. पैसे त्याने टाकले की मावशींनीच सोडले हे मी विचारलं नाही. पण नीट बघा, मावशींनी वीस रुपये विसरल्याचं सोंग केलं नाही, लिहायला लावले, आणि तरीही दुसऱ्या दिवशी परत पाचशेची नोट दिली. चोरीकडे काणाडोळा नाही आणि पोराला चोर म्हणणंही नाही. मानसशास्त्रात अपराधी वाटणं आणि लाज वाटणं या वेगळ्या गोष्टी धरतात, पहिल्यात माणूस म्हणतो मी वाईट केलं, दुसऱ्यात म्हणतो मीच वाईट. जून टँगनी आणि सहकाऱ्यांनी तुरुंगातल्या पावणेपाचशे कैद्यांचा सुटल्यानंतर माग ठेवला (२०१४ चा पेपर), त्यात ज्यांना केलेल्या कामाबद्दल अपराधी वाटायचं ते पहिल्या वर्षात कमी वेळा परत गुन्ह्यात सापडले. लाजेचा असा सरळ फायदा दिसला नाही, उलट लाजेपोटी दुसऱ्यावर खापर फोडणाऱ्यांचं जास्त बिघडलं. चारचौघात पोराचं थोबाड रंगवून आपण नेमकं काय पेरतो ते यावरून समजून घ्या.

आता दुसरी बाजू, कारण प्रेमाने सगळं ठीक होतं असं म्हणणारे लेख मलाही झेपत नाहीत. बोस्टनजवळ १९३९ साली केंब्रिज-समरव्हिल नावाचा प्रकल्प सुरू झाला. ५०६ मुलगे, निम्म्यांना वर्षानुवर्षं समुपदेशक, शिकवणी, डॉक्टर, उन्हाळी शिबिरं, निम्म्यांना काहीच नाही. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी या पोरांना, म्हणजे तेव्हाच्या बाप्यांना, शोधून काढलं. मदत मिळालेल्यांतल्या बऱ्याच जणांनी त्या दिवसांची गोड आठवण सांगितली, पण आकडे काढले तर त्यांचीच गत न मिळालेल्यांपेक्षा वाईट. गुन्हे, दारू, आजारपण, कशातच फायदा नाही आणि काही बाबतीत चक्क तोटा. पुढे खोदल्यावर तोटा जास्त दिसला तो शिबिरांना पुन्हा पुन्हा पाठवलेल्या पोरांत. वात्रट पोरं एकत्र आणून ठेवली की ती एकमेकांना वात्रटपणाची शाबासकी देतात, तो स्टाइनबर्गचा व्हिडिओ गेमच पुन्हा, फक्त खराखुरा. शिकागोतही बघा, उन्हाळ्यात आठ आठवड्यांची अर्धवेळ नोकरी दिलेल्या मुलांमध्ये पुढच्या १६ महिन्यांत हिंसक गुन्ह्यांच्या अटका ४३ टक्क्यांनी घटल्या (सारा हेलर, २०१४). पण चोऱ्यामाऱ्यांवर तसा ठळक परिणाम काही दिसला नाही. हे कुणी सांगत नाही.

मग कामाला काय येतं? माझ्या मते एक ठराविक माणूस. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ग्रेगरी वॉल्टन, जेसन ओकोनोफुआ वगैरेंनी (२०२१) सुधारगृहातून शाळेत परतणाऱ्या मुलांना एक साधं काम दिलं. तुझ्याबद्दल मोठ्यांना काय कळायला हवं, तुला काय व्हायचंय, ते लिही, आणि शाळेतला कुठला माणूस तुझ्या बाजूने असावा असं वाटतं त्याचं नाव सांग. काही मुलांच्या बाबतीत ते त्या शिक्षकाला पत्र म्हणून पोचवलं, की या मुलाने तुमचं नाव घेतलंय, त्याला तुमची मदत लागेल. पत्र पोचलं नव्हतं तिथली ६९ टक्के मुलं पुढच्या सहामाहीपर्यंत परत सुधारगृहात गेली, पत्र पोचलं तिथली २९ टक्के. मुलं एकूण ४७च होती, त्यामुळे आकड्यावर फार नाचू नये. पण यात मुलाला काही उपदेश वगैरे नव्हता, बदल घडवला तो मोठ्या माणसात, त्याला कळलं की आपल्यावर कुणीतरी भरवसा ठेवलाय.

तसं बघितलं तर हे जुनंच आहे. १८४१ मध्ये बोस्टनच्या जॉन ऑगस्टस नावाच्या बूट बनवणाऱ्या माणसाने कोर्टात एका दारुड्याचा जामीन भरला आणि त्याला स्वतःच्या देखरेखीखाली घेतलं, दोन वर्षांनी चोरीचा आळ आलेल्या आठ, दहा आणि अकरा वर्षांच्या पोरांचीही जबाबदारी घेतली, प्रोबेशन ऑफिसर ही कल्पना तिथून आली. आपल्याकडे औंध संस्थानात १९३९ ला आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभं राहिलं, भिंत नसलेला तुरुंग, कैदी शेती करतात आणि बायकापोरांसकट राहतात. मुंबईत तर डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ पासून आहे, १९२४ चा मुंबईचा बालकांचा कायदा आला, १९२७ ला चिल्ड्रन्स एड सोसायटी, डोंगरीचं रिमांड होम सगळ्यांना ऐकून माहीत असतं (आई-बाप धाक घालायला वापरतात तेवढंच). 'टिस'चा, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेचा, प्रयास हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगातून आणि पोलीस ठाण्यातून बाहेर पडणाऱ्यांबरोबर काम करतोय.

आणि कायदा आपल्या पुलावरच्या पब्लिकपेक्षा बराच पुढे आहे. २०१५ चा बाल न्याय कायदा अठराच्या आतल्या मुलाला गुन्हेगार म्हणतच नाही, बाल न्याय मंडळ समज देऊन घरी पाठवू शकतं, समुपदेशन लावू शकतं, समाजसेवा करायला सांगू शकतं, प्रोबेशनवर एखाद्या जबाबदार माणसाच्या हवाली करू शकतं. मावशींसारख्या माणसाच्या. अठरा पूर्ण झालेल्यांसाठीही नव्या भारतीय न्याय संहितेत (लागू १ जुलै २०२४) पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा किंमत परत केली तर शिक्षा म्हणून समाजसेवा आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे एरवी मुलाच्या माथी पुढे कसली अपात्रता लागत नाही, नोकरीत ते आड यायला नको, अपवाद फक्त सोळाच्या वरच्या आणि मोठ्या माणसासारखा खटला चाललेल्या भयंकर गुन्ह्यांचा.

अडतं कुठे, तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. पोरगं पकडलं की पहिलं काम म्हणजे कॉलर धरून त्याचा फोटो, खाली 'सावधान, हा चोर आपल्या एरियात फिरतो', आणि मग तो फोटो वर्षानुवर्षं फिरत राहतो, पोरगं कुठे कामाला लागलं तरी मालकाच्या मोबाईलवर पोचतो. याच कायद्याचं कलम ७४ आहे, अशा मुलाची ओळख उघड करायला बंदी, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे पोराने उचललेला मोबाईल दहा हजारांचा, आणि त्याचा फोटो फॉरवर्ड करणाऱ्या काकांना पडू शकतात दोन लाख.