टाय रॉड एंड की रॅक एंड? इलेक्ट्रिक गाडीच्या पुढच्या खटखटीचं निदान

खड्ड्यात पुढचं चाक गेलं की खट् असा आवाज, मधोमध धरलेलं स्टीअरिंग किंचित ढिलं, आणि सरळ रस्त्यावरसुद्धा गाडी जराशी भरकटते. ही लक्षणं टाय रॉड एंड गेला तरी येतात आणि रॅक एंड गेला तरी हीच येतात, म्हणून घोळ होतो. टाय रॉड एंड बाहेरच्या बाजूला, डोळ्यांना दिसतो म्हणून आधी तो बदलतात, आवाज तसाच, मग कुणीतरी छातीठोक सांगतं की अख्खा रॅकच टाका, आणि त्या गाडीत पॉवर स्टीअरिंगची मोटर रॅकवरच असेल तर त्या बिलात चवथीचा सगळा बाजार होईल.

स्टीअरिंग फिरवलं की रॅक, म्हणजे दात असलेला आडवा दांडा, डावी-उजवीकडे सरकतो, त्याच्या दोन्ही टोकांना आट्यांनी बसवलेला एकेक बॉल जॉइंट असतो, तो रॅक एंड, काहीजण इनर टाय रॉड म्हणतात. तो घड्या-घड्यांच्या बूटच्या, म्हणजे आवरणाच्या, आत लपलेला असतो. त्याची लांब दांडी बूटमधनं बाहेर येते, तिच्या टोकाला आट्यांवर टाय रॉड एंड चढवलेला असतो, जवळ त्याला जागी घट्ट धरणारा लॉक नट, आणि टाय रॉड एंडचा पिन नकलमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात. गॅरेजात दोन्हीला सरसकट टाय रॉड म्हणून मोकळे होतात, तेव्हा एस्टिमेट घेताना बाहेरचा की आतला हे विचारून घ्या.

बाहेरच्याला संरक्षण म्हणजे फक्त एक छोटी रबरी टोपी. ती फाटली की ग्रीस बाहेर आणि चिखल आत, त्यात आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाल चिखलाचा रस्ता आणि किनाऱ्याजवळची खारी हवा, मग तो किती टिकणार. आतला जास्त टिकतो, पण त्याचा बूट फाटला किंवा क्लिप निसटली तर पाणी थेट रॅकपर्यंत पोचतं आणि गंज धरतो, म्हणजे स्वस्तातला रबर बघितला नाही म्हणून महागडा रॅक जातो. गोव्यात रोज रायबंदरहून फेरीबोटीनं चोडणला गाडी नेणाऱ्यांनी तर बूटवर नजर ठेवाच, रॅम्पवर खारं पाणी खालनं उडतंच.

इलेक्ट्रिक गाडीला मेंटेनन्स नाही हे इंजिन ऑइलपुरतं खरं आहे. बॅटरीमुळे गाडी तशाच पेट्रोलवालीपेक्षा जड असते, ते वजन खड्ड्यात याच जॉइंट्सवर येतं, रिजनमुळे, म्हणजे मोटरच गाडी हळू करून बॅटरी भरते त्यामुळे, ब्रेक पॅड वाचतात पण इथे त्याचा काही उपयोग नाही. चांगली गोष्ट एकच, इंजिनाचा आवाज नसल्यामुळे खटखट लवकर ऐकू येते.

आता तपासायचं कसं. पुढचं चाक उचलून स्टँडवर घ्या, जॅक कंपनीनं दाखवलेल्या पॉइंटलाच लावायचा, बॅटरीच्या खोक्याला चुकूनही नाही. एकानं आत बसून स्टीअरिंग घट्ट धरायचं, दुसऱ्यानं चाक घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी धरून हलवायचं. खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर चाकाकडे न बघता दांडीकडे बघा. चाक हलतंय आणि दांडी जागची हलत नाही, तर बाहेरचा गेला. चाकाबरोबर दांडीही आतबाहेर होतेय पण रॅक स्थिर आहे, तर आतला. बूट मऊ असेल तर तो दाबून बॉलचा धक्का बोटांना कळतो, प्लास्टिकचा कडक बूट असेल तर क्लिप काढून मागे सारायचा. आणि रॅकच हलत असेल तर विषय रॅकचा नाहीतर त्याला धरणाऱ्या बुशचा. १२ आणि ६ ला धरल्यावर खेळ लागला तर हे दोन्ही सोडून खालचा बॉल जॉइंट नाहीतर व्हील बेअरिंग बघा.

दुसरी टेस्ट चाकं जमिनीवर ठेवून, एकजण स्टीअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे करतो, दुसरा चाकाच्या कमानीतनं बघतो. गाडी चालू ठेवावी लागते, कारण स्टीअरिंगची मोटर छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते आणि गाडी रेडी, म्हणजे निघायला तयार, असली तरच मोठी बॅटरी त्या छोटीला भरत राहते. पण रेडी असलेली गाडी आवाज करत नाही, म्हणून पी मध्ये टाका, हँडब्रेक ओढा, आत बसणाऱ्यानं अॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही आणि बघणाऱ्यानं गाडीखाली शिरायचं नाही.

बदलताना फरक मोठा आहे. बाहेरचा सोपा. लॉक नट ढिला करायच्या आधी मार्कर मारा, पिन पुलरनं सोडवा, जुना किती फेऱ्यांत निघाला ते मोजा आणि नवा तेवढ्याच फेऱ्या चढवा. पिनचा नट नवा, स्प्लिट पिन असेल तर तीही नवी. आतल्याला बूट काढावा लागतो, खास पाना लागतो, आणि सोडवताना रॅकच्या दांड्याला दुसऱ्या पान्यानं आधार दिला नाही तर त्याच्या दातांवर पीळ जातो. हे काम लिफ्ट असलेल्या गॅरेजला द्यावं असं माझं मत. काही गाड्यांना रॅक एंड सुटा मिळतच नाही, तेव्हा रॅक टाका म्हणणारा दरवेळी फसवतोच असं नाही, पण पार्ट नंबर विचारायला काय जातं. एका बाजूचा गेलाय आणि दुसराही तेवढाच चाललेला असेल तर दोन्ही एकदम करा, कारण पुढचा खर्च तोच आहे.

तो खर्च म्हणजे अलाइनमेंट. फेऱ्या कितीही मोजल्या तरी टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली ते, हलतोच, आणि जड गाडीला मोटरचा टॉर्क सुरुवातीपासूनच मिळत असल्यानं टायरची कड भराभर झिजते. अलाइनमेंटनंतर सरळ रस्त्यावर स्टीअरिंग वाकडं राहिलं किंवा डॅशबोर्डवर स्टीअरिंगची नाहीतर ट्रॅक्शनची लाइट आली, तर स्कॅनर लावून स्टीअरिंगचा अँगल सेन्सर शून्यावर आणून घ्या, बऱ्याच गाड्यांना ते लागतं, आणि अलाइनमेंटवाल्याकडे स्कॅनर आहे का हे गाडी नेण्याआधीच फोनवर विचारा.