अस्तर किती जाड आहे, एवढंच पुरेसं नाही

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर गर्भाशयाच्या आतल्या आवरणाबद्दल 'अस्तर ६.५ मिमी' असं दिसलं की अनेकींच्या पोटात गोळा येतो. अस्तर ७ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर गर्भ रुजण्याची शक्यता कमी होते, हे खरं. पण त्याहून पातळ अस्तरावरही गर्भ रुजलेले आहेत आणि १० मिलिमीटरवर न रुजलेलेही.

या अस्तराचा वरचा थर दर पाळीला गळून जातो. तळाचा थर मात्र कायम राहतो आणि त्यातूनच पुढच्या महिन्याचं अस्तर तयार होतं. पाळीनंतर इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे ते वाढतं. बीजांड बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाचा अंमल सुरू होतो: वाढ थांबते, ग्रंथी पोषक स्राव करू लागतात. गर्भ चिकटू शकतो तो यानंतरच्या मोजक्या दिवसांतच. १९९९ मध्ये ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहा आठवडे किंवा जास्त टिकलेल्या गर्भधारणांपैकी ८४ टक्के गर्भ बीजांड बाहेर पडल्यानंतरच्या आठव्या ते दहाव्या दिवशी रुजले होते. त्याहून उशिरा रुजलेले गर्भ लवकर गळून जाण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं.

खरी काळजी तळाच्या थराची. गर्भपातानंतर किंवा बाळंतपणानंतर क्युरेटिंग (गर्भाशय आतून खरवडून साफ करणं) करताना तो खरवडला गेला, तर गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात. जोसेफ ॲशरमन यांनी १९४८ मध्ये याचं वर्णन केलं. विकाराला त्यांचंच नाव आहे. क्युरेटिंगनंतर पाळी एकदम कमी झाली किंवा बंद झाली, तर ही शंका घ्यायलाच हवी. हिस्टेरोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने आत पाहून, निदान होतं आणि चिकटलेला भाग सोडवताही येतो. क्षयरोगही हा थर पोखरतो, तोही कधी कधी खोकला-ताप काहीही नसताना. औषधांनी जंतू मरतात, पण नष्ट झालेलं अस्तर परत येईलच असं नाही.

आयव्हीएफपूर्वी (शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडण्याचा उपचार) गर्भ रुजावा म्हणून अस्तराला मुद्दाम ओरखडा काढण्याचा उपाय बराच काळ चालला. २०१९ मध्ये १,३६४ स्त्रियांवरच्या चाचणीत ओरखडा काढलेल्या आणि न काढलेल्या, दोन्ही गटांत बाळ जन्माला येण्याचं प्रमाण सारखंच निघालं: २६.१ टक्के. असा उपाय कोणी सुचवला तर पुरावा विचारायला संकोच करू नका. गर्भ न रुजण्याचं कारण पुष्कळदा गर्भाच्याच गुणसूत्रांमधल्या दोषात असतं. म्हणूनच पंचेचाळिशीतल्या स्त्रीलाही तरुण दात्रीच्या बीजांडापासून गर्भधारणा होऊ शकते, ती तिच्या स्वतःच्या अस्तरावरच.