जागतिकीकरण : गोव्यातील रूपे

वस्तू, भांडवल, माणसे आणि चवी देशांच्या सीमा ओलांडून एकमेकांत गुंतत जाण्याची प्रक्रिया म्हणजे जागतिकीकरण. भारतात हा शब्द १९९१ च्या आर्थिक धोरणाशी जोडला जातो. गोव्यापुरती ही तारीख फारच उशिराची आहे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी तिसवाडी (आजच्या पणजीभोवतीचा भाग) घेतली आणि त्याच शतकात दक्षिण अमेरिकेतला काजू इथल्या डोंगरउतारांवर रुजला.

व्यापारी रूप समजून घ्यायला काजूच पुरेसा आहे, कारण त्याचे दोन भाग दोन वाटांनी जातात. बी वाळवली की महिनोन्‌महिने टिकते, म्हणून ती जगाच्या बाजारात उतरते. आफ्रिकेतून येणाऱ्या कच्च्या बिया स्वस्त पडल्या की गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या बागायतदाराचा दर घसरतो. बोंडू, म्हणजे बी जिला लागते ते रसाळ फळ, मात्र एका दिवसात आंबू लागतो, त्यामुळे तो गावातच राहतो. तो झाडावरून तोडत नाहीत. पिकून पडलेला वेचतात, बी पिरगळून काढतात आणि कोळंबीत, म्हणजे तुडवण्याच्या कुंडात, पायांनी तुडवून रस काढतात. रस बाहेरचे यीस्ट न घालता सुमारे तीन दिवस आंबवतात. भाटीवर, म्हणजे दारू गाळायच्या भट्टीवर, एकदा गाळला की हुर्राक. हुर्राक रसात मिसळून पुन्हा गाळला की फेणी. जाळ भडकला तर करपट वास येतो, तो नंतर जात नाही. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ब्राझीलहून आलेले झाड कायद्याने गोव्याची ओळख ठरले, ही गंमत लक्षात घेण्यासारखी.

खनिजाचे रूप अधिक ठिसूळ. इथले लोहखनिज बहुतांशी कमी प्रतीचे. आधी जपान, पुढे चीन हे त्याचे मोठे गिऱ्हाईक. खाणीवरून ट्रकने नदीकाठच्या जेटीवर, तिथून बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीने, मुरगाव बंदरात, असा त्याचा प्रवास. पावसाळ्यात आग्वादजवळचा वाळूचा दांडा मांडवी नदीचे मुख अडवतो, तेव्हा बार्ज कुंभारजुवे कालव्यातून जुवारी नदीत उतरतात. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, त्या न्यायालयीन व सरकारी आदेशांनी. ट्रक आणि बार्ज कर्जावर घेतलेले असल्याने हप्ते थकले ते गावातल्या मालकांचे. खाणींखालच्या शेतांत साचलेला गाळ तर तसाच राहिला.

पर्यटनाबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. चार्टर विमाने १९८० च्या दशकात सुरू झाली, एवढे पुरे.

माणसांचे जागतिकीकरण कागदांवर चालते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज सत्ता संपण्याआधी, गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना व नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येते. त्यासाठी जन्माची नोंद पोर्तुगालमध्ये करावी लागते. आजोबांच्या नावाचे स्पेलिंग एका दाखल्यात एक आणि दुसऱ्यात वेगळे असेल, तर अर्ज तिथेच अडकतो. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे ते मिळाल्यावर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो.