नातं वेगळं, वीण वेगळी

एकोपा असलेला समाज निर्वासितांना चटकन थारा देतो, असं आपण सहज बोलून जातो. त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. येणाऱ्याशी असलेलं नातं ही एक, आणि यजमानांची आपसातली वीण ही दुसरी. मिझोरामकडे पाहिलं की दोन्ही सुट्या होतात.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता बळकावली आणि तिथल्या चिन जमातीचे लोक सीमेवरची तिआऊ नदी ओलांडून मिझोराममध्ये येऊ लागले. त्यांना अडवा, असं केंद्रीय गृह खात्यानं मार्चमध्ये बजावलं. मुख्यमंत्री झोरामथांगांनी पंतप्रधानांना पत्र धाडलं: आम्हाला हात बांधून बसता येणार नाही. मिझो आणि चिन एकाच झो कुळातले, भाषा जवळच्या, धर्मही बहुतेकांचा ख्रिस्तीच. हे झालं नातं.

पण नात्यानं चूल पेटत नाही. तीस हजारांवर माणसांसाठी तांदूळ, कपडे, झोपड्यांचा बांबू जमवला तो गावकऱ्यांनी, चर्चनं आणि १९३५ सालच्या यंग मिझो असोसिएशननं. या संघटनेच्या शाखा गावोगाव; मयत झालं की कबर खणायलाही तिचीच पोरं. स्वतःची झळ सोसून दुसऱ्यासाठी धावण्याच्या रीतीला तिथं 'त्लॉमंगाइना' म्हणतात. ही वीण.

(आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते ४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, तिथं नात्याचा प्रश्नच नव्हता. पण ती सरकारी बंदोबस्तातली वेगळी छावणी. कोल्हापूरकरांना घरातला घास काढून द्यावा लागला नव्हता.)

वीण मात्र कुणाच्या बाजूनं ओढली जाईल, सांगता येत नाही. १९९७ मध्ये वांशिक तणावात ब्रू जमातीचे हजारो लोक मिझोराम सोडून त्रिपुरात गेले. त्यांना तिथंच वसवण्याचा करार व्हायला २०२० उजाडलं. मिझो समाज तेव्हाही एकजुटीचाच होता.

मग नातंच निर्णायक म्हणायचं? तेही पटत नाही. २००३ मध्ये ऐझॉलला एका लहान मुलीवरच्या अत्याचाराचा आळ म्यानमारच्या माणसावर आला आणि हजारो चिनांना घरं सोडून सीमेपार जावं लागलं. त्यांना घालवण्यात यंग मिझो असोसिएशनच पुढे होती. कूळ तेच, संघटना तीच. तेव्हा चिन म्हणजे मजुरीला आलेले, दारू गाळणारे परके होते. २०२१ मध्ये बंदुकीपुढून पळून आलेले भाऊबंद.