अनशापोटीची गोळी आणि जेवणानंतरची गोळी

सकाळी उठल्याबरोबर अनशापोटी थायरॉईडची गोळी, मग अर्धा-पाऊण तास चहाकडे नुसतं बघत बसायचं, आणि नाश्ता झाला की मधुमेहाची मेटफॉर्मिन. कितीतरी घरांत आता हेच वेळापत्रक असतं. दोन्ही गोळ्या आज एकाच डबीत असल्या, तरी त्या आल्या वेगवेगळ्या वाटांनी.

थायरॉईडची वाट जुनी. १८७३ मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी काही प्रौढ स्त्रियांचं वर्णन केलं: चेहरा फुगलेला, जीभ जाड, सगळं कसं संथ. पुढे याला मिक्सिडीमा नाव पडलं. कारण मात्र कळलं ते सर्जनच्या हातून झालेल्या नुकसानीतून. बर्नचे थिओडोर कोखर गलगंडाच्या ऑपरेशनमध्ये कधी कधी ग्रंथी पूर्णच काढत. असे पेशंट पुढे तसेच मंद, सुजलेले होतात, हे त्यांनीच १८८३ मध्ये मांडलं. आपल्याच शस्त्रक्रियेचा दोष असा उघड सांगायला धाडस लागतं.

मग १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क काढून ४६ वर्षांच्या एका बाईला टोचला. ती आणखी २८ वर्षं जगली. तेवढ्या काळात तिच्या औषधासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! थायरॉईड बनवतं ते संप्रेरक, थायरॉक्सिन, शुद्ध रूपात वेगळं झालं ते १९१४ च्या नाताळात, एडवर्ड केंडल यांच्या हातून. मधुमेहाचं इन्सुलिनही १९२२ मध्ये आलं ते गुरांच्या स्वादुपिंडातून. म्हणजे दोन्ही आजारांचं पहिलं खरं औषध कत्तलखान्यातलं.

या दोन वाटा जुळल्या त्या मात्र टाइप वन मधुमेहापाशी, ज्यात शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटतं. शरीर थायरॉईडवरही असंच उलटतं, हे लंडनमध्ये डेबोरा डोनियाक आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये दाखवलं. स्वादुपिंडाविरुद्धच्या अँटिबॉडीज १९७४ मध्ये सापडल्या, त्या कामातही डोनियाक होत्याच. टाइप टूची मुळं वेगळी, इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरात. त्यामुळे ‘थायरॉईडमुळे शुगर झाली’ हे सरसकट म्हणणं मला पटत नाही. दोन्ही आजार इतके पसरलेत की ते एका माणसात भेटणारच. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत ५,३७६ प्रौढ होते, मुंबई आणि गोवाही त्यात आले. सुमारे ११ टक्क्यांना थायरॉईड कमी असल्याचं आढळलं, आणि त्यातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना त्याचा पत्ताच नव्हता.

पत्ता लागत नाही, कारण थकवा, वाढतं वजन, कोरडी त्वचा, बद्धकोष्ठ हे सगळं शुगरच्या खात्यावर जमा होतं. कोलेस्टेरॉल वाढलं तरी तेच. त्यात तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीएवनसी चाचणीही फसवू शकते: थायरॉईड मंदावला की रक्तातल्या लाल पेशी सावकाश बदलतात, जुन्या पेशींवर साखर जास्त साचते, आणि आकडा खऱ्यापेक्षा चढा दिसतो. उलट शरीरातून इन्सुलिनचा निचरा हळू होत असल्याने, ते घेणाऱ्याची साखर अचानक उतरूही शकते.

आणखी एक गंमत २००६ नंतर लक्षात येत गेली. थायरॉईडची गोळी चालू असलेल्या माणसाला मेटफॉर्मिन दिलं, की टीएसएचचा, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाचा, आकडा खाली येऊ शकतो. रक्तातलं थायरॉक्सिन मात्र होतं तेवढंच असतं.